चिंचेपाशी पाय

जुन्या गाडीतलं माझ्याइतकं कळणारा मेकॅनिक त्या काळात अख्ख्या वसई तालुक्यात नव्हता. असं मी सोडून कोणी म्हणत नव्हतं, आणि ज्याच्यासमोर मी हे म्हटलं तो माझ्या चपलेशेजारी तंबाखू थुंकला.

"तुला टेम्पोतलं कळतं," तो म्हणाला. "गाडीतलं नाय."

गाडीवरून झालेलं आमचं हे पहिलं बोलणं. त्यानंतर जे बोलणं झालं ते सगळं भांडण. माणूस आता नाय, तरी त्याच्याबद्दल सांगायला बसलो की माझं डोकं तापतं. मी त्यांना काका म्हणायचो, कारण उमेळ्यात त्यांची वाडी आमच्या वाडीला लागून. मधे शेवग्याचं कुंपण. ते ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण केळी दोघांची सारखीच वाकडी. तर काका. राग आला की म्हातारा. पुढे मी कधी काका म्हणेन, कधी म्हातारा म्हणेन, त्यावरून माझी तब्येत समजून घ्या.

माझ्या शिकण्याचं विचाराल तर शाळेत मी सलग आठवडाभर गेलो ते एकदाच, भिंतींना चुना लावायला. वालीवला पत्र्याची शेड टाकली होती, टेम्पो आणि रिक्षा दुरुस्त करायचो. दुरुस्त म्हणजे गिऱ्हाईक शेडमधून बाहेर जाईपर्यंत गाडी चालली पाहिजे, एवढा माझा नियम. पुढचं देवावर.

एवढ्यात काकांची आठवण निघायचं कारण सांगतो. परवा हायवेवर एका हॉटेलात चहा प्यायला थांबलो आणि गेटवर ती गाडी दिसली. काका गेल्यावर त्यांच्या पुतण्यानं ती विकली, एवढं माहीत होतं. कुणाला विकली ते माहीत नव्हतं. हॉटेलवाल्यानं ती शोभेला उभी केली होती. रंग टोमॅटोसारखा लाल. सीटवर प्लास्टिकची फुलं. आणि पोरांनी ढकलू नये म्हणून चारही चाकं अर्धी सिमेंटात गाडलेली.

मी चहा तसाच हातात घेऊन गाडीभोवती फिरलो. डावं मडगार्ड बघितलं. गुळगुळीत. मॅनेजरला हाक मारली.

"पोचा कुठे गेला?"

"कसला पोचा?"

"इथला. म्हशीचा."

मॅनेजरनं वेटरकडे बघितलं. वेटर म्हणाला, "अंकल, चहा सांडतोय."

सांडत होता खरा. पँटवरच. मी ओरडलो, की तुम्ही लोकांनी मडगार्डात पुट्टी भरून म्हैस पुसून टाकलीत, तुम्हाला लाज वाटत नाय? चहा पिणारी सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. एका बाईनं मुलाला जवळ ओढलं. मला बाहेर काढलं, आणि बाहेर काढताना वेटर मॅनेजरला म्हणाला, "सकाळसकाळीच घेतात हे लोक." मी चहाशिवाय काय घेतलं नव्हतं. तोसुद्धा पँटनं घेतला.

आता म्हशीचं सांगतो.

ती गाडी दोन सीटची, उघड्या टपाची, विलायती, रेसची. लांब नाक. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता यायची. आतला सांगाडा लाकडाचा, त्यावर पत्रा ठोकलेला. काका जवानीत मुंबईला एका शेठकडे ड्रायव्हर होते. शेठ देश सोडून गेला तेव्हा गाडी यांना देऊन गेला. बरीच वर्षं ती मुंबईतच कुणाच्या तरी गोदामात पडली होती. खाडीवर पूल झाल्यावर केळी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमध्ये घालून काकांनी ती गावी आणली. वाटेत पोलिसानं विचारलं आत काय, तर म्हणाले, "सासू." पोलिसानं सोडलं.

काही वर्षं काकांनी ती गावात फिरवली, पण खाऱ्या हवेनं तिचं लाकूड भुसभुशीत झालेलं, पत्रा कुजलेला. काकांनी ती परत उभी करायला काढली आणि मला बोलावलं. मला कळतं म्हणून नव्हे. शेवग्याच्या कुंपणातून हाक मारली की येणारा मेकॅनिक मी एकटाच होतो.

मी म्हटलं, काका, लाकूड काढून टाकू, लोखंडी अँगल वेल्डिंग करू, जन्मभर बघायला नको. काका म्हणाले, "होतं तसं."

मी म्हटलं, इंजिन भंगार झालंय, कुर्ल्याहून दुसरं आणतो, डिझेलचं, सरावाचं. "होतं तसं."

मी म्हटलं, निदान मागचा दिवा तरी नवा घेऊ. "होता तसा."

ह्या दोन शब्दांनी मला जेवढं पिडलंय तेवढं सासऱ्यानं नाय पिडलं. लाकूड त्यांनी स्वतः तासलं आणि वाळवी लागू नये म्हणून त्याला मुशी माशाचं तेल चोळलं, होड्यांना चोळतात ते. वास असा की गावातली सगळी मांजरं गाडीत राहायला आली. बॉनेटवर मांजर, सीटवर मांजर, स्टेअरिंगवर पिल्लू. मी म्हटलं, हे पण होतं तसं का? विलायतेत गाडीबरोबर मांजरं देत होते का? म्हातारा म्हणाला, "त्यांना कळतं, गाडी कुणाची हाय. तुला नाय कळत."

दिसायला कसे होते ते सांगायचं राहिलं. खाकी हाफ पँट, भोकं पडलेलं बनियन, आणि गळ्यात काळा दोरा. दोऱ्यात क्रूस, आणि त्याच दोऱ्यात एक छोटा पाना. चर्चमध्ये मिस्साला जाताना पण पाना गळ्यात. फादर एकदा रागावले. काका म्हणाले, "फादर, दोन्ही लागतात. कधी कुठलं चालेल, आधी सांगता येत नाय."

तर मडगार्ड. डाव्या मडगार्डात एक खोल पोचा होता. मी तो एका दुपारी ठोकून ठोकून सपाट केला. आयुष्यात मी मन लावून केलेलं ते एकमेव काम. तोंड दिसेल असा पत्रा केला. काका आले, वाकले, हात फिरवला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू घरात कुणी गेल्याचं कळलंय.

"पोचा कुठे गेला?"

"काढला," मी छाती काढून म्हटलं.

"कुणाला विचारून?"

"पोचा काढायला विचारतात?"

"तो मुंबईत तबेल्यातल्या म्हशीनं मारलेला. शेठ शेजारी बसलेला. मी गाडी वाचवली, म्हशीला वाचवलं, शेठला वाचवलं. तो पोचा म्हणजे माझी नोकरी टिकली त्याची खूण. घाल परत."

"काका, पोचा कंपनीनं दिला नव्हता! तुम्हाला ओरिजिनल पायजे ना? हे ओरिजिनल!"

"गाडी कंपनीची नाय. माझी हाय. घाल."

आणि मी घातला हो. माझ्यासारखा गाढव बघितला नसेल. हातोडा घेऊन मी स्वतः केलेलं काम स्वतः बिघडवत होतो, आणि म्हातारा मागे उभा राहून सांगत होता, "अजून खाली. डावीकडे. एवढं नाय, जरा गोल. म्हैस काय खिळा होती?" संध्याकाळपर्यंत मी मडगार्ड ठोकत होतो आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याला ठोकत होतो. शेवटी ते म्हणाले, "म्हशीनं एका ढुशीत केलं ते तुला दिवसभर जमेना."

पण आमचं खरं वाजलं ते ब्रेकवरून.

त्या गाडीला ब्रेक वायरचे, सायकलला असतात तसे. पायाखालचं दाबलं की वायर ताणायची, वायर चाकातल्या पट्ट्यांना सांगायची, पट्ट्या जरा विचार करायच्या, आणि मग गाडी हळूहळू, स्वतःच्या मर्जीनं थांबायची. मी म्हटलं हे बदलायचेच. काका म्हणाले, "ती थांबत नाय ही तक्रार नाय. तिचा स्वभाव हाय. चालवणाऱ्यानं आधी विचार करायचा."

आणि ते खरंच आधी विचार करायचे. गावातल्या झाडांना त्यांनी चुन्याचे पट्टे मारून ठेवले होते. आमच्या फाटकाशी थांबायचं तर जांभळीपाशी पाय दाबायचा. स्वतःच्या घराशी थांबायचं तर चिंचेपाशी. घरासमोर रस्ता वळतो आणि वळणावर बावखल आहे, गोड्या पाण्याचं तळं, वाडीला शिंपायचं. चिंचेपासून बावखलापर्यंत जरासा उतार. म्हणजे चिंच चुकली की बावखल. बाजाराचं काय, मी विचारलं. "बाजारात थांबायला झाड नाय. म्हणून बाजारात जायचं नाय."

विजेच्या तारा ओढायला माणसं आली तेव्हा चुन्याचे पट्टे बघून त्यांना वाटलं, ही झाडं तोडायला खूण केलेली आहेत. कुऱ्हाड काढली. म्हातारा चिंचेला पाठ लावून बसला, गळ्यातला पाना हातात घेऊन. "ही चिंच माझ्या गाडीचा ब्रेक हाय," तो म्हणाला. त्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि तारा दुसरीकडून नेल्या. वेड्याशी वाद नको म्हणून. नंतर काका गेल्यावर चिंच पण गेलीच. तिथे आता बिल्डिंगचं गेट आहे आणि गेटवर नाव लिहिलंय कुठल्यातरी झाडाचं. मी तिथून जाताना थुंकतो. वॉचमन मला ओळखतो.

आता काकी. काकी त्या गाडीत बसायची नाय. गाडी सुरू झाली की ओट्यावरून उठून आत जायची आणि आतून शिव्या द्यायची. "मेली! गाडली पायजे!" शिव्या म्हाताऱ्याला नसत, गाडीला असत. कारण अख्ख्या गावाला माहीत होतं. त्यांच्या लग्नाला शेठनं एका दिवसापुरती हीच गाडी दिली होती. दोन होड्या जोडून, वर फळ्या टाकून ती खाडी ओलांडून आणली. गाव बघायला लोटलं. चर्चमध्ये लग्न लागलं, नवरानवरी गाडीत बसली, पुढे बँड, आणि घरासमोर गाडी थांबलीच नाय. सरळ बावखलात. नवरी नव्या लाल लुगड्यासकट कमरेएवढ्या पाण्यात. नाकात शेवाळ. बँडवाले वाजवतच होते, त्यांना वाटलं हा पण विधी आहे.

काकी तेव्हा म्हणाली, ही गाडी थांबत नाय, मी जन्मात हिच्यात बसणार नाय. आणि नाय बसली.

एवढं होऊन म्हाताऱ्याचं म्हणणं एकच. "गाडीची चूक नव्हती." मग कुणाची होती? ते सांगायचे नाय. विचारलं की तंबाखू.

लग्नाची पन्नाशी जवळ आली. फादरांनी मिस्सा ठरवला, बँड ठरला, जेवण ठरलं. आणि म्हाताऱ्यानं डोक्यात घेतलं की मिस्सा झाल्यावर चर्चपासून घरापर्यंत काकीला ह्याच गाडीतून आणायचं. जसं त्या दिवशी आणलं तसं. फक्त बावखल सोडून.

काकी म्हणाली, "ब्रेक बदल, मग बसेन."

काका म्हणाले, "होते तसे."

"मग मी होते तशी. चालत."

चार दिवस त्या घरात ताटंसुद्धा आपटून ठेवली जायची. मी मधे. इकडून काकी म्हणायची, तू मेकॅनिक ना रे, मग बोल ना त्याला. तिकडून काका म्हणायचे, तू टेम्पोवाला, तू बोलू नको. पण ह्या बाबतीत मी बोललो. मी सगळ्यावर विनोद करतो, ब्रेकवर करत नाय. टेम्पो थांबला नाय तर काय होतं ते मी बघितलंय.

मी म्हटलं, "काका, तुमचं लग्न झालं तेव्हा ह्या रस्त्यावर काय होतं? बैलगाडी. आता रिक्षा आहेत, विटांचे ट्रक आहेत, शाळेतली पोरं आहेत. गाडी होती तशी ठेवाल. रस्ता होता तसा कुठून आणाल?"

आयुष्यात मी एकदाच शहाण्यासारखं बोललो, आणि त्याचं फळ लगेच मिळालं. काकांनी वाकून जुन्या वायरीला हात लावला. मग म्हणाले, "बसव."

मी एका भंगारातल्या मोठ्या गाडीचे ऑइल ब्रेक आणले, ड्रमसकट. बसवले. खरं सांगतो, काम एक नंबर झालं. एवढं चांगलं झालं की मलाच शंका आली. काकांना दहा वेळा सांगितलं, नुसता पाय ठेवायचा, चिमणीवर ठेवल्यासारखा. ते म्हणाले, "कळलं. मी बहिरा नाय."

ब्रेक बघायला निघालो. काका स्टेअरिंगवर, मी शेजारी. काच बॉनेटवर आडवी पाडलेली, कारण शेठच्या वेळी पाडलेली असायची. मी हाताची घडी घालून बसलो, राजासारखा. काका म्हणाले, "धरून बस."

"कशाला धरू? ब्रेक कुणी बसवलेत?"

चर्चपासून निघालो. गाडी अशी पळाली की मला वाटलं, गावानं मला बघावं. गावानं बघितलंच. चिंच आली. काकांच्या डोक्याला माहीत होतं की ब्रेक नवे आहेत. पायाला कुणी सांगितलं नव्हतं. चुन्याचा पट्टा दिसला आणि पाय जसा आयुष्यभर पडत आला तसा पडला, सगळ्या ताकदीनं.

गाडी जागच्या जागी उभी. मी नाय. मी निघालो पुढे. बॉनेटवरून, दिव्यावरून, हाताची घडी घातलेलीच. चिंचेखाली संध्याकाळी एक मासळीवाली बसायची, तिच्या ओल्या बोंबलांच्या टोपलीत तोंडावर आपटलो. बोंबील मऊ म्हणून वाचलो. सुरमई असती तर हे सांगायला राहिलो नसतो.

ती बाई जागची हलली नाय. टोपलीतून माझं डोकं वर काढून म्हणाली, "मेल्या, तू कोन? विमान?"

मी म्हटलं, मेकॅनिक.

"मंग तुझं तुलाच रिपेर कर. आनि बोंबील कोन खानार आता? तुझं थोबाड लागलंय त्याला."

लोक जमले, हसले. मी पण हसलो, माझी सवयच ती. पण काका स्टेअरिंग धरून तसेच बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "मी ऐकलं होतं तुझं. पायानं ऐकलं नाय." आणि मग जो राग आला त्यांना! "गाडी बदललीस. माझा पाय कोण बदलेल? भंगारात मिळतो? शेजारी तू होतास म्हणून बोंबलांत गेलास. ती असती तर?"

म्हातारा बरोबर बोलला की त्याचा मला भयंकर राग येतो, म्हणून मी पण ओरडलो. तुमच्या हट्टापायी झालं, पायाला शिकवा, लोक मांजरालासुद्धा शिकवतात. भर रस्त्यात एक म्हातारा आणि एक बोंबलाच्या वासाचा माणूस एकमेकांना शिव्या देत होते. तेवढ्यात घरातून काकी धावत आली, हातात कालवणाचा डाव. आम्ही दोघं जिवंत आहोत हे बघितलं आणि डाव बॉनेटवर आपटला.

"मेली गाडी! त्या दिवशीपण हिनंच केलं! हिला—"

"गाडीला बोलू नको!" काका असे ओरडले की बँडच्या मास्तरानं आपल्या घरातून डोकं बाहेर काढलं. "त्या दिवशी गाडीनं काय केलं नाय! मी पाय ठेवलाच नव्हता!"

"कुठं?"

"इथं. चिंचेपाशी. चिंच कधी गेली मला कळलं नाय."

"का? डोळे कुठं होते?"

म्हातारा लालबुंद झाला. आणि एखाद्याला आईवरून शिवी द्यावी तसं तो बोलला, "तुझ्याकडं!"

मासळीवाली बोंबील निवडत होती, तिचा हात थांबला.

डावातलं कालवण बॉनेटवर ओघळत होतं आणि एक मांजर ते चाटत होतं. मग काकी म्हणाली, "एवढी वर्षं मी त्या गाडीला शिव्या घातल्या."

"घातल्यास."

"मग बोलला का नाय?"

"बोलायचं काय? गावात सांगू, बायकोकडं बघत होतो म्हणून बावखलात गेलो?" काका अजून रागातच. "पण नवे ब्रेक लावले म्हणजे काय झालं? जुन्यांची चूक होती असं झालं. ते मला नको. जुने चांगले होते. त्यांच्यावर पाय ठेवणारा बिनडोक होता."

मी आपला वातावरण हलकं करायला म्हटलं, "काकी, अजून कालवण असेल तर मी बोंबील आणलेत." कुणी हसलं नाय.

"काढ ते ब्रेक," काकी मला म्हणाली. "जुने बसव."

आता माझी पाळी होती. मी म्हटलं, नाय बसवणार. बोंबलाची शपथ घेऊन सांगतो, थांबत नाय ती गाडी मी माझ्या हातानं रस्त्यावर सोडणार नाय, मग तुम्ही त्या दिवशी कुणाकडेही बघत असा. पायजे तर नव्या ब्रेकवर मी स्वतः चालवतो.

"दोन सीट हाय," काका म्हणाले. "तू चालवणार, ती बसणार. मी कुठं बसू? मडगार्डवर? पोच्यात?"

पुन्हा आमचं सुरू झालं. काकीनं डाव वर केला. आम्ही दोघं मागे सरलो.

"जुने बसव," ती म्हणाली. "इंजिन लावायचं नाय. ढकला."

म्हातारा उसळला. "ढकला? ती हातगाडी हाय? केळी हाय तिच्यात?"

"मग मी चालत येते."

म्हातारा गळ्यातला पाना चिवडत राहिला. क्रूस आणि पाना एकमेकांवर वाजत होते. शेवटी म्हणाला, "हळू ढकलायची." माझ्याकडे बघून म्हणाला, जसं मीच सुचवलं होतं.

तर पन्नाशीच्या दिवशी मिस्सा झाला. काकी लाल लुगडं नेसून त्या गाडीत बसली, नाकाला पदर लावून, मुशीच्या तेलाचा वास अजून होताच. काका शेजारी, अंगात कोट, कोटावर पाना. पुढे बँड. मागे आम्ही ढकलणारे. एवढे महिने खपून ज्यानं इंजिन दुरुस्त केलं, ज्यानं पोचा काढला आणि घातला, ज्यानं दोन प्रकारचे ब्रेक बसवले, तो वसई तालुक्यातला एकमेव मेकॅनिक नव्या शर्टात त्या गाडीच्या ढुंगणाला खांदा लावून होता. आणि तोंड चालू. शेजारच्या माणसाला मी सांगत होतो, बघ, चाकं कशी मऊ फिरतात, ग्रीस मी भरलंय. हे बेअरिंग बघ, मी बसवलंय.

"पुढं बघ," गाडीतून काकी म्हणत होती. "माझ्याकडं बघायचं नाय. रस्त्याकडं बघ."

"बघतोय!" काका खेकसत होते. मला मागून त्यांची मान दिसत होती. ताठ. खिळ्यासारखी.

चिंच आली. काकांनी पाय ठेवला. आणि आम्ही ढकलणारे, आमच्यातला मुख्य म्हणजे मी, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं की आता ढकलायचं थांबा. बोलण्याच्या नादात मी आणखी जोर लावला. उतार लागला. गाडी हातातून सुटली आणि एकटी चालायला लागली. मी ओरडलो, "काका, ब्रेक!" बँडवाल्यांनी मागे वळून बघितलं, आणि त्यांना ती गोष्ट माहीतच होती, बापाकडून ऐकलेली. ते धावले. वाजवत धावले. कर्णेवाला बांधावर चढला, ढोलवाला आमच्या केळीत घुसला. गाडी पुढे, मी मागे पळतोय, चप्पल तुटली, समोर बावखलाचं पाणी चमकतंय, आणि काकांची मान हलत नाय. वायर ताणल्याचा आवाज मला मागेपर्यंत आला. कुईई. पट्ट्या विचार करत होत्या.

गाडी हळू झाली. अजून हळू. घराच्या फाटकासमोर, बावखलाच्या अलीकडे, बसल्या म्हशीसारखी थांबली.

काका अजून पुढेच बघत होते. काकीनं पदर नाकावरून काढला, आधी पाण्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

मी धापा टाकत पोचलो, दोन्ही हात वर करून, गावाला ऐकू जाईल असं ओरडायला लागलो. बघितलंत? बघितलंत काकी? वायर मी ताणलीय ती, बरोबर मापात, हे असं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, मुंबईहून माणूस आणला असता तरी, मी म्हणतच होतो पहिल्यापासून—

"गाडी थांबली रे," काकी म्हणाली. "आता तू थांब."